मोर्शीच्या धरणावर, डोंग्याला विंच बसवताना

"तुमी भरलेली ट्रॉली उचलता, मंग माहं जाळं काहून नाई उचलत?"

अकोल्यातल्या आमच्या वर्कशॉपच्या दारात उभ्या राहून कमलाबाईंनी हे विचारलं, आणि आमचा प्रवास तिथंच ठरला.

आमचं काम ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचं. जॅक, सिलिंडर, तेलाच्या जोरावर उचलणारं सगळं. हे वर्कशॉप माझ्या नवऱ्याचं. ते जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी आणि त्यांचे जुने मिस्त्री इरफानभाई मिळून चालवतो. मी काही शिकलेली इंजिनियर नाही. अर्धं नवऱ्याच्या शेजारी उभं राहून कळलं, अर्धं ते गेल्यावर पुस्तकं वाचून. दिवसा काम आणि जेवण झाल्यावर वाचन, असं केलं की संध्याकाळ निघून जाते.

कमलाबाई मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणावर मासेमारी करतात. त्यांचा डोंगा शिडाचा. ताडपत्रीचं शीड बांबूला बांधून दोरानं वर ओढायचं आणि वाऱ्यावर जायचं. पण त्यांचे यजमान दादाराव पडले आणि त्यांचा उजवा खांदा मोडला. हात आता छातीच्या वर जात नाही. शीड चढवायला खांदा लागतो, आणि ओलं जाळं ओढायला तर त्याहून जास्त. कमलाबाईंनी काही महिने एकटीनं ओढलं, मग त्यांची पाठ धरली. पुढच्या बुधवारी डोंगा विकत घ्यायला गिऱ्हाईक येणार होतं.

"बुधवारच्या आत करून द्या ताई," त्या म्हणाल्या. "नाई जमलं तर थो घेनारा डोंगा नेईन आन् आमी दोघं घरी बसू भिंतीले पाहत."

आम्ही दोन छोटे विंच केले. विंच म्हणजे दोर गुंडाळणारा लोखंडी रूळ. एक शिडाच्या दोरासाठी, एक जाळ्यासाठी. दोन्ही तेलाच्या दाबावर फिरणारे, आणि पंप चालवायला पॉवर वीडरचं, म्हणजे निंदणीच्या यंत्राचं, छोटं पेट्रोल इंजिन. डोंगा जाणार वाऱ्यावरच. इंजिन फक्त ओढण्यापुरतं. अंगणात रुतलेली रिकामी ट्रॉली त्या विंचनं ओढून पाहिली, तेव्हा इरफानभाईंनी मिशीवरून हात फिरवला.

रविवारी सकाळी सामान छोट्या हत्ती टेम्पोत टाकून निघालो. अकोला ते अमरावती रस्ता आता चौपदरी आणि गुळगुळीत आहे. मूर्तिजापूरला चहा घेतला तरी दोन तासांत पोचता. तुम्ही एसटीनं जाणार असाल तर अमरावतीला गाडी बदला, मोर्शीच्या गाड्या दिवसभर असतात आणि बायांना अर्धं तिकीट. अमरावतीत गिला वडा खा. कढी मागून घ्या, कोरडा खाल्ला तर घशात बसतो. इरफानभाईंनी दोन प्लेटा खाल्ल्या आणि म्हणाले, "भाभी, मशीन नाही चली तर निदान ये तो हुआ."

मोर्शीकडे निघालं की दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे लागतात. आम्ही गेलो तेव्हा तोड चालू होती. रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग आणि त्यावर झोपलेली माणसं. घासाघीस केली तर पन्नास रुपयांत पिशवी भरते. मग एकदम धरण दिसतं. नकाशावर त्याला नल-दमयंती सागर म्हणतात. आम्ही विहिरीचं पाणी मोजून वापरणारी माणसं. पलीकडचा काठ दिसत नाही एवढं पाणी पाहून मी गाडीतून उतरायचंच विसरले.

दादाराव काठावर बसून होते. बोलणं कमी. आमचं सामान पाहून म्हणाले, "एवढं लोखंड? डोंगा हाय बाई, पूल नाई." कमलाबाई स्वयंपाकाला घरी गेल्या आणि आम्ही कामाला लागलो. शिडाचा विंच डोलकाठीच्या बुंध्याशी बसवला. जाळ्याचा विंच आणि इंजिन मागच्या टोकाला, चांगल्या उंच चौकटीवर, म्हणजे वाकावं लागणार नाही. हे पाणी लोक पितात, म्हणून तेलाच्या नळ्या नव्या घातल्या आणि खाली पत्र्याचा ट्रे लावला. रात्री जेवायला रोहूचा रस्सा आणि ज्वारीची भाकर होती. मोर्शीत लॉज साधे आहेत पण स्वच्छ.

सोमवारी सकाळी आदल्या संध्याकाळी टाकलेलं जाळं काढायला निघालो. लाइफ जॅकेट घालूनच. तुम्हाला कोणी हौसेनं डोंग्यात बसवलं तरी जॅकेटशिवाय बसू नका. इरफानभाईंना पोहता येत नाही. ते दोन जॅकेट घालून बसले होते.

शिडाचा विंच मस्त चालला. मग जाळ्याचा दोर अडकवला आणि इरफानभाईंनी खटका ओढला. दोर ताणला. डोंग्याचं पुढचं टोक वर उठलं, मागचं खाली बसलं, आणि थंड पाणी माझ्या पायावर आलं. शीड डोंग्याला पुढं ढकलत होतं आणि जाळं मागून खाली खेचत होतं.

"सोड! दोर सोड!" कमलाबाई ओरडल्या. इरफानभाईंनी खटका उलटा केला, दोर सुटला, डोंगा धाडकन सरळ झाला. दादारावांनी डाव्या हातानं शीड पाडलं. डब्यानं पाणी उपसत कमलाबाई म्हणाल्या, "मांगं कोन लावते हे? ट्रॅक्टर हाय का हा?"

आता लिहिताना हसू येतं. ट्रॅक्टरचं सगळं मागं असतं. नांगर मागं, पेरणी यंत्र मागं, ट्रॉली मागं. आमच्या वर्कशॉपमध्ये विंच कुठं लावायचा हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता.

"मंग तुमी काल बोलले काहून नाई?" मी दादारावांना विचारलं.

"मले वाटलं, तुमी मशीनवाले. तुमाले काई ठाऊक असन."

"अन् आमाले वाटलं, तुमी पाह्यून रायले," इरफानभाई म्हणाले.

"चारी मिळून एक डोकं नाई," कमलाबाई म्हणाल्या, आणि डबा माझ्या हातात दिला. "उपसा ताई."

जाळं त्या दिवशी आम्ही चौघांनी हातानं ओढलं. माझे तळहात सोलले, तेव्हा कळलं ह्या बाईनं एकटीनं काय केलं होतं.

दुपारभर चौकट कापली. कुठं लावायचं ते या वेळी कमलाबाईंनी दाखवलं. त्या डोंग्याच्या मधोमध मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "जाळं ओढाले मी इथं बसतो. तुमचं मशीनबी इथंच बसन." विंच तळाच्या फळीवर, अगदी खाली बसवला. दोर पुढच्या टोकावर लावलेल्या फिरत्या रुळावरून आत घेतला, म्हणजे डोंगा नाक जाळ्याकडे करून ओढेल. मोर्शीत वेल्डिंगवाला मिळाला नसता तर मंगळवार हुकला असता. बाजार चौकात विचारा, कोणीही सांगेल.

मंगळवारी सकाळी वारा चांगला होता. दादाराव डोलकाठीपाशी बसले आणि डाव्या हातानं खटका ओढला. शीड सरसर वर गेलं, फुगलं, आणि डोंगा निघाला. दादाराव वर पाहत राहिले. खांदा मोडल्यापासून त्यांनी स्वतः शीड चढवलं नव्हतं.

जाळ्यापाशी पोचल्यावर शीड पाडलं आणि कमलाबाईंनी दुसरा खटका घेतला. डोंगा हलकेच पुढं सरकला. टोक थोडं झुकलं, तेवढंच. जाळं पाण्यातून वर येत राहिलं, आणि त्यात रोहू, कटला, एक मोठा मरळ. कमलाबाई एका हातानं खटका सांभाळत होत्या, दुसऱ्या हातानं मासे सोडवत होत्या, आणि इरफानभाईंना सांगत होत्या, "सरका तिकडं, डबल जाकीटवाले. जागा मासोळीले पायजे."

परत येताना त्यांनी मला शिडाचा खटका ओढायला दिला. वारा भरला की डोंगा अंगाखालून उचलल्यासारखा पळतो. मी मोठ्यानं हसले. असं हसून बरेच दिवस झाले होते.

बुधवारी आम्ही अकोल्यात परतलो, संत्र्यांच्या पिशव्यांसह. संध्याकाळी कमलाबाईंचा फोन आला. गिऱ्हाईक आलं होतं. या दोघांनी त्याला डोंग्यात बसवून फिरवून आणलं, शीड चढवून दाखवलं, जाळं ओढून दाखवलं. त्यानं भाव वाढवून सांगितला.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. चहा पाजला अन् पाठवला. आमचे हे म्हनते, इकाचा नव्हता तर दाखवला कायले? मी म्हटलं, त्याले कळाले पायजे ना, काय हुकलं थे."

फोन ठेवल्यावर मला नवऱ्याची आठवण झाली. तीन वर्षं मी त्यांनी शिकवलेलंच काम करत आले. काही अडलं की मनात विचारायचं, ते काय म्हणाले असते, आणि तसं करायचं. या वेळी काय म्हणाले असते ते मला पक्कं ठाऊक आहे: "विचार कसला करतेस, मागं लाव." मग मला त्यांना डोंग्यात बसवून दाखवावं लागलं असतं. वाद घातला असता त्यांनी, भिजले असते, आणि शेवटी माझं ऐकलं असतं.