टबाभोवतीची भिंत

अविनाश गेल्याचा फोन आला तेव्हा मी किचनमध्ये चहा गाळत होतो. रीडिंग स्टेशनवर सकाळच्या गाडीची वाट बघताना तो बाकावर बसला आणि उठलाच नाही. बावन्न वर्षांचा होता. चौतीस वर्षांची आमची मैत्री, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलपासूनची, त्यामुळे फ्यूनरलला चार शब्द बोलायची वेळ माझ्यावर आली. इथे इंग्लंडमध्ये गेलेल्या माणसालाही रांगेत थांबावं लागतं, तयारीला चांगले सतरा दिवस मिळाले होते. मी म्हणालो, अविनाशनं आयुष्यात कुणापासून काही लपवलं नाही. पुढच्या ओळीत बसलेल्या त्याच्या बायकोनं, मेधावहिनींनी, होकारार्थी मान हलवली होती, हे मला चांगलं आठवतंय.

त्यानंतर आठवड्याभरानं वहिनींचा फोन आला.

"विवेकभावजी, एक विचारू? खरं सांगाल?"

कागदपत्रं लावताना त्यांना अविनाशच्या जुन्या कंपनीचं पत्र सापडलं होतं. दोन वर्षांपूर्वी, जानेवारीच्या शेवटी, त्याची नोकरी गेली होती. नवी लागली एप्रिलमध्ये. घरी त्यानं सांगितलं होतं की एक सोडली, लगेच दुसरी धरली. मधले दहा आठवडे तो रोज सकाळी सातला इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन घरातून निघत होता. मग वहिनींनी त्याच्या फोनमधले त्या दिवसांतले फोटो काढून बघितले.

"सगळे तुमच्या बाथरूमचे आहेत, भावजी. टाइल्सचे. सोमवार ते शुक्रवार, रोज." "तुम्हाला माहीत होतं ना?"

"नाही वहिनी. शपथ. मला म्हणाला, लीव्ह साठलीय, मार्चअखेर लॅप्स होईल."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. तो 'बरं' मी तीन आठवडे ऐकतोय. त्यांचा माझ्यावर विश्वास बसलेला नाही.

मला अविनाशचा इतका राग कधीच आला नव्हता. माझी नोकरी गेली होती तेव्हा मी बायकोच्या आधी त्याला फोन केला होता. दोन तासांत हा पठ्ठ्या हॅरोला माझ्या दारात हजर, हातात वेम्बलीहून आणलेली कचोरी. आणि त्याच्यावर वेळ आली तेव्हा त्यानं मला काय दिलं? थाप. वर माझ्याच घरात बसून, माझाच चहा पीत, रोज नव्यानं दिली. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. मी चिडलोय, आणि त्याला बोलावून जाब विचारता येत नाही म्हणून जास्तच चिडलोय.

बाथरूमचं काम निघालं ते माझ्या आईमुळे. ती साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी यायची होती. शॉवर तिला चालत नाही, तो 'अंगावर थुंकतो' म्हणते. तिला टबात स्टूल, बादली आणि तांब्या लागतो. आमच्या इंग्रज घरात टबाच्या वर टाइलच्या जेमतेम दोन ओळी, त्यावर साधा रंग. टबात बाहेर पाणी न उडवता लोळणाऱ्या माणसासाठी ते ठीक आहे. तांब्यानं डोक्यावर पाणी घेणाऱ्या आईपुढे ती भिंत महिनाभरही टिकली नसती. बिल्डरनं जूनची तारीख दिली, आई यायची होती एप्रिलमध्ये. अविनाशला सहज सांगितलं, तर म्हणाला, "कशाला बिल्डर? मी लावतो. आठ दिवसांचं काम."

तो सॉफ्टवेअर टेस्टर होता, हाडाचा. दुसऱ्याच्या कामात चूक सापडली की त्याचा चेहरा उजळायचा. स्वतःच्या घरचं बाथरूम त्यानं व्हिडिओ बघून बघून केलं होतं आणि तेव्हापासून तो या विषयातला शंकराचार्य झाला होता. टबाच्या काठावर थेट टाइल ठेवायची नाही, कारण कुठलाच टब सरळ नसतो. आधी भिंतीवर आडवी फळी ठोकायची, पाणसळीनं तपासायची, त्या फळीच्या आधारानं वर चढत जायचं, आणि खालची ओळ सगळ्यांत शेवटी, मापानं कापून. मी घरूनच काम करायचो. माझ्या मीटिंगमध्ये वरून त्याचा आवाज यायचा, "फेल!" म्हणजे एखादी टाइल अर्ध्या मिलिमीटरनं बाहेर आली होती.

आठ दिवसांचे पंधरा झाले, पंधराचे तीस. सकाळी यायचा आणि आदल्या दिवशीची ओळ न्याहाळत बसायचा. मग पटाशी घेऊन त्यातल्या चार-पाच टाइल्स उचकटायच्या, भिंत खरवडायची, पुन्हा लावायच्या. माझी बायको अलका एकदा वैतागून म्हणाली, "हा माणूस टाइल्स लावतोय की काढतोय?" मी त्याला ते सांगितलं. तो हसला. "अलकावहिनींना सांग, क्वालिटीला वेळ लागतो." आज कळतं, त्या ओळी बऱ्याचदा सरळच होत्या. भिंत संपली की सकाळी सातला जायला त्याला दुसरी जागा नव्हती. माझ्या भिंतीनं त्याला ऑफिस दिलं आणि मला पत्ता नाही!

दुपारी आम्ही किचनमध्ये जेवायचो. त्याचा डबा मध्ये उघडा. मेधावहिनींच्या हातची मेथीची भाजी, घडीच्या पोळ्या, बाजूला लसणाची चटणी. अलका एकदा म्हणालीही, "लीव्हवर असताना डबा?" तो म्हणाला, "तिला सवय आहे भरायची." आम्ही हसलो. वहिनी पहाटे उठून नवऱ्याच्या ऑफिससाठी पोळ्या लाटत होत्या आणि त्यातल्या निम्म्या मी खात होतो. फोनवर ही गोष्ट त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

शेवटचा दिवस सिलिकॉनचा. टब आणि भिंत यांच्यामधली फट भरायची. त्याचा नियम असा की टब आधी काठोकाठ भरायचा, मग सिलिकॉन. रिकामा असताना भरलं, तर पाण्याच्या आणि माणसाच्या वजनानं टब खाली बसतो आणि सांधा फाटतो. त्यानं टब भरला, आणि वर मला चड्डीवर त्या गार पाण्यात उभं केलं. म्हणे, आईच्या वजनाचा अंदाज हवा. मी कुडकुडत शिव्या देतोय, तो गुडघ्यांवर बसून एका दमात नळी ओढतोय. मध्येच थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "विव्या..."

"काय?"

त्यानं पुन्हा नळी उचलली. "काही नाही. हलू नकोस."

हे सगळं आठवून मी त्याच्यावर चिडत होतो. विश्वासघात केलास, मला तुझ्या थापेत ओढलंस, आता तुझ्या बायकोसमोर मी खोटा ठरलो. परवा बाथरूमच्या खिडकीत दाढीचं सामान आवरताना मागे एक जुना टूथब्रश हाताला लागला. केसांत टाइलांच्या फटींत भरायचं पांढरं ग्राउट वाळून दगड झालेलं. तो हातात धरला आणि इतके दिवस ज्या गोष्टीकडे मी बघायचं टाळत होतो, ती समोर येऊन उभी राहिली.

ते मार्चच्या मध्यावरचे दिवस होते. संध्याकाळी पाच वाजता मी काहीतरी विचारायला वर गेलो. दार अर्धवट उघडं होतं. अविनाशनं कामाचा टीशर्ट काढून इस्त्रीचा शर्ट घातला होता. गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राची निळी पट्टी. बेसिनपाशी वाकून तो या ब्रशनं नखं घासत होता. एकेक नख, पुन्हा पुन्हा. दिव्यासमोर धरून बघायचा, पुन्हा घासायचा. बोटं लाल झाली होती. लीव्हवर असलेला माणूस घरी जायला अशी तयारी करत नाही. हे कळायला टेस्टर असावं लागत नाही.

आरशात त्याला मी दिसलो. आमची नजर भेटली. त्यानं नळ बंद केला नाही. तो थांबला होता. मी विचारावं म्हणून थांबला होता, हे मला तेव्हाही कळलं. माझ्या मनात काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. आई दोन आठवड्यांवर आली होती आणि नळाकडची अख्खी भिंत उघडी होती. विचारलं, तर उद्या हा येईल का, असं माझ्या मनात आलं.

मी विचारलं, "नळाकडची बाजू कधी होईल रे?"

तो म्हणाला, "उद्या सुरू करतो." आणि पुन्हा नखं घासू लागला.

आई येऊन, सहा महिने राहून परत गेली. त्या भिंतीला अजून एक तडा नाही, सांधा कुठे सुटलेला नाही. आईनं निघताना टाइल्सवरून हात फिरवला आणि म्हणाली, "फार मनापासून केलंय त्या पोरानं."

मेधावहिनी, मी हे ज्यात लिहितोय ती पुरवणी तुमच्या घरी येते, तुम्ही ती पहिल्या पानापासून वाचता, हे मला माहीत आहे. तुम्ही विचारलंत तेव्हा मी शपथ घेतली. ती खोटी होती. तुमच्या नवऱ्यानं मला काही सांगितलं नाही हे खरं, पण त्यानं मला बघू दिलं होतं. मी बघितलं आणि टाइल्सचं विचारलं. ब्रश मी पुन्हा खिडकीत ठेवलाय, तुम्हाला हवा असेल तर घेऊन येतो.