किसनरावांचं तोंड रिकामं झालं तेव्हा

किसनराव माणूस वाईट आहेत असं बेबीताई कधीच म्हणाल्या नाहीत. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर हात उचलणं नाही. फक्त ते बोलत नसत. बोलायला तोंड मोकळं लागतं, आणि किसनरावांचं तोंड सकाळच्या चहानंतर जे भरायचं ते दिवस मावळेपर्यंत भरलेलं असायचं. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून ठेलेवाल्यानं घोटून दिलेला खर्रा गालात बसला की शब्दांची वाट बंद. कळंबपासून तीन कोसांवरच्या त्या गावात निम्म्या बाप्यांचं असंच होतं. मान मागे टाकायची, हनुवटी आभाळाकडे धरायची आणि ओघळ न येऊ देता जेवढं 'हं' किंवा 'उंहूं' म्हणता येईल तेवढ्यात संसार उरकायचा. किसनरावांनी एकतीस वर्षं उरकला. बेबीताईंना एका 'हं'चे पाच अर्थ कळत होते, आणि शब्दांवाचून त्यांचं काही अडत नव्हतं.

उलट, किसनराव बोलले की त्यांना धडकी भरायची. त्याला कारणही होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी किसनराव एका सकाळी म्हणाले होते, "तुह्या हातच्या भाकरीले तोड नाही." बेबीताई दिवसभर हवेत होत्या. दुसऱ्या दिवशी माहेरून आलेली दुभती बकरी बाजारात गेली, आणि ती जाताना त्यांना कोणी विचारलंही नाही. पुढे मुलगा अक्षय पोटात असताना एकदा किसनरावांनी 'थकली असशील, बस जराशी' असं म्हटलं, आणि आठवडाभरात नणंद चार लेकरांसकट अख्ख्या पावसाळ्यासाठी येऊन राहिली. तेव्हापासून बेबीताईंचा हिशोब पक्का झाला होता. हा माणूस गोड बोलला की आपलं काहीतरी जातं.

आणि आता जाण्यासारखं त्यांच्याकडे एकच उरलं होतं. केळापूरचं एक एकर. बेबीताईंच्या बापाला दोन पोरी. थोरलीला त्यानं सोनं दिलं आणि धाकट्या बेबीला मरायच्या आधी ही काळी जमीन नावावर करून दिली. ती तिथल्याच एकाला ठोक्यानं, वर्षाला ठरलेल्या पैशांवर, कसायला दिलेली होती. दरवर्षी कापूस फुटला की सीतादहीला बेबीताई एकट्या एस.टी.नं जायच्या, पहिल्या बोंडांना दहीभात दाखवायच्या, तासभर बांधावर बसायच्या आणि परत यायच्या. त्या तासात आपण कोणाची बायको, कोणाची आई हे त्यांना आठवत नसे. किसनरावांनी ते वावर कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहू नये अशीच व्यवस्था बेबीताईंनी ठेवली होती.

तर दोन हजार वीसच्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. फाट्यावर पोलीस दांडे घेऊन उभे राहिले. जिनिंग बंद, बाजार बंद, न विकलेला कापूस पुढच्या खोलीत पार आढ्याला लागलेला, आणि या सगळ्यात किसनरावांच्या दृष्टीनं सर्वात भयंकर म्हणजे ठेला बंद. पहिले आठ दिवस चोरून मारून कुठूनतरी पन्नी यायची. मग तीही आटली.

पुढचे पंधरा दिवस घरात कोणी उभं राहू नये असे गेले. किसनराव बैलावर ओरडले, पंख्यावर ओरडले, बडीशेप चघळली, चिंचोके चघळले, डोकं बांधून पडून राहिले. बेबीताईंनी ते सगळं निमूट सोसलं, कारण ओरडणारा माणूस त्यांना कळत होता. खरी भीती पुढेच होती.

एका दुपारी किसनराव वांग्याच्या भाजीचा घास घेऊन थांबले. बेबीताईंना वाटलं खडा लागला.

"बेबी," ते म्हणाले, "वांग्याले चव हाये."

बेबीताईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच. एकतीस वर्षं हेच वांगं, हीच चूल, हाच मसाला. आज काय झालं? तंबाखूनं मेलेली जीभ जागी झाली असेल, हा साधा विचार त्यांच्या डोक्यात आला नाही. आला तो बकरीचा.

त्यानंतर एकेक लक्षण दिसत गेलं. किसनरावांनी ओसरीचा तो कोपरा, जिथे वर्षानुवर्षं पिचकारी मारून भिंत कथ्थी झाली होती, स्वतः खरवडला आणि पांढरा केला. दात घासायला लागले. दातही बऱ्यापैकी होते, हे बेबीताईंना नव्यानंच कळलं. आणि मग ते बोलू लागले. बांध फुटल्यासारखे बोलू लागले. लहानपणी नाल्यात बुडता बुडता कसे वाचले, त्यांच्या बापाला शाळेतल्या गुरुजींनी कसं फसवलं, टीव्हीवर आज किती पेशंट सांगितले. बोलून बोलून झालं की विचारायचे. एकदा चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "तू चहात साखर किती घेतं व?"

"जेवढी राह्यते तेवढी," बेबीताई म्हणाल्या आणि कप घेऊन आत गेल्या. साखरेवरून सुरू करून हा कुठे पोचणार, हे त्यांना ऐकायचंच नव्हतं.

शेजारच्या रुक्माबाई कुंपणापलीकडून सगळं ऐकत होत्या. त्यांचा स्वभाव असा की दुसऱ्याच्या घरातली शंका त्या आपल्या घरचं विरजण समजून जपत. तोंडाला पदर बांधून, चार हात लांब उभं राहून त्यांनी सांगितलं, "माह्या मावससासूच्या गावचा एक बाप्या असाच गोड झालता. आठ दिवस बायकोच्या वेण्या घालून देल्या त्यानं. नवव्या दिवशी कागदावर अंगठा घेतला. बाई फक्त हो म्हणाली होती, बापा. एकदाच."

"काहून हो म्हणाली?"

"त्यानं इचारलं, पाणी आणू का तुले? हे बाई म्हणाली हो. तवा कागद पुढं केला."

गोष्टीत अक्कल कमी होती, पण बेबीताईंना ती पटली. त्यांनी दोन कामं केली. सातबारा पेटीतून काढून तुरीच्या कोठीत खोल पुरला. आणि ठरवलं, की या माणसासमोर तोंडातून 'हो' काढायचा नाही. कशालाच नाही. चहा ठेवू का म्हटलं की उठून चहा ठेवायचा. ऊन फार आहे ना म्हटलं की आभाळाकडे पाहायचं. दोन महिने या बाईनं नवऱ्याला एकदाही हो म्हटलं नाही. एवढा निग्रह दुसऱ्या कशात दाखवला असता तर सरपंच झाली असती.

मध्येच पुसदहून लेकीचा, प्रेरणाचा फोन आला. ती खुशीत होती. "आई, बाबाचा फोन आलता मले. अर्धा तास बोलले! मी तं घाबरली पयले, म्हटलं काही झालं का काय. पण नुसतेच बोलले व. लाकडाउननं आपल्या घरी हे एक बरं केलं."

"वावराचं काही काढलं का त्यायनं?"

"कोन्तं वावर?"

"काही नाही," बेबीताई म्हणाल्या. पोरीलाही आधीच वळवून ठेवलं, असं त्यांनी मनात नोंदवलं.

आणि मे महिन्याच्या शेवटी ते आलंच. बेबीताई सरकीचा कचरा वेचत बसल्या होत्या. किसनराव दाराच्या चौकटीला टेकून बसले. मग म्हणाले, "केळापूरच्या वावराचं का चालू हाये?"

बेबीताईंच्या हातातलं सूप थांबलं. डोकं एकदम थंड झालं. दीड महिना ज्याची वाट पाहिली ते समोर आलं, याचं एक प्रकारचं समाधानच वाटलं त्यांना.

"का चालायचं त्याचं?"

"नाही, म्हटलं गाड्या सुरू झाल्या की जाऊन येऊ दोघं. मी कधी पाह्यलंच नाही ते. चालते का तुले?"

"मातीच हाये तिथं," बेबीताई म्हणाल्या. "माती इथंही हाये. इथली पाहा."

असं तोडून बोलणं त्यांना स्वतःलाच नवं होतं. किसनराव उठून गोठ्याकडे गेले. त्या दिवसानंतर त्यांच्या गोष्टी कमी झाल्या. आधी नाल्याची गेली, मग गुरुजींची, मग टीव्हीची. बेबीताईंना जिंकल्यासारखं झालं. रुक्माबाईंना कुंपणावरून त्यांनी ते सांगितलंही, आणि रुक्माबाई म्हणाल्या, "पाह्यलं? वेळेवर सावध झाली म्हणून वाचली."

मिरग लागल्यावर आठवड्याभरानं ठेला उघडला. गावातले बाप्ये असे धावले की लांब लांब उभं राहायचे चुन्याचे गोल पायाखाली पुसले गेले. किसनराव पहिल्या दिवशी गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. दिवसभर ओसरीवर बसून राहिले, दोनदा घरात डोकावले आणि परत बसले. तिसऱ्या दिवशी चप्पल घातली. परत आले तेव्हा उजवा गाल फुगलेला होता.

"सुटली माय!" बेबीताई मनात म्हणाल्या. त्याच दिवशी त्यांनी तुरीत हात घालून कागद जागेवर आहे हे पाहून घेतलं. एकर वाचलं होतं. आता सगळं पहिल्यासारखं झालं होतं.

पहिल्यासारखं म्हणजे कसं, हे मात्र त्या विसरल्या होत्या. चार दिवस गेले. सकाळी 'हं', दुपारी 'हं', पाऊस येईल का विचारलं तर 'उंहूं'. बेबीताई काम करता करता मध्येच थांबायच्या आणि कशाची तरी वाट पाहतोय असं त्यांना वाटायचं. कशाची ते कळायचं नाही. नाल्यात बुडणाऱ्या पोराला शेवटी कोणी वर काढलं, हे त्यांनी नीट ऐकलंच नव्हतं. तेव्हा त्या शब्दाशब्दात डाव शोधत होत्या. आता ते विचारावंसं वाटू लागलं, आणि स्वतःचाच राग येऊ लागला.

पाचव्या दिवशी त्यांनी वांग्याच्या भाजीत मूठभर मीठ टाकलं. मुद्दाम टाकलं. ताट वाढलं आणि समोर बसून राहिल्या. किसनरावांनी मोरीवर जाऊन चूळ भरली, पाटावर बसले, पहिला घास घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. जीभ पुन्हा मेली होती. सगळी भाजी खाऊन ते उठले, ओसरीवर गेले आणि नवी पन्नी सोडून खर्रा तोंडात टाकला.

बेबीताई खरकट्या हातानं बाहेर आल्या. त्यांना रडू येत होतं आणि ते का येतंय याचा त्यांना संताप होता.

"थुका ते."

किसनरावांनी मान मागे टाकून पाहिलं. "हं?"

"थुका म्हणते ना! भाजी खारट झाली. खार! जनावर तोंड लावनार नाही अशी. तुम्ही खाल्ली अन् काही बोलले नाही."

किसनराव अंगणाच्या कडेला जाऊन थुंकले. रांजणातलं पाणी घेऊन दोनदा चूळ भरली. परत आले तेव्हा चेहरा पोरासारखा गोंधळलेला होता.

"का बोलू?" ते म्हणाले. "दोन महिने बोललो मी. एकटाच बोललो. तू एका शब्दानं हो नाही म्हटलं. मले वाटलं, आपल्या बोलन्याचा हिले तरास होऊन राह्यला. या घराले माही चूपच सोयीची हाये. तीन दिवस वाट पाह्यली, तू एकदा तं म्हनशील नोका जाऊ म्हणून. नाही म्हटलं. मंग गेलो ठेल्यावर."

बेबीताई खाली बसल्या. आता लपवण्यात काही राम नव्हता.

"मले वाटलं तुमाले माहं वावर पाह्यजे."

"कोन्तं?"

"केळापूरचं. म्हणून गोड बोलून राह्यले."

किसनराव त्यांच्याकडे पाहतच राहिले. "एकतीस वर्षांत एवढा परका वाटलो मी तुले?"

"जवळचे कवा वाटले ते तुम्हीच सांगा," बेबीताई म्हणाल्या.

पलीकडे कुंपणाशी रुक्माबाईंचा पदर हलला आणि स्थिर झाला. किसनराव समोर बसले आणि खाली मान घालून जमिनीवर बोटानं रेघा ओढू लागले. एवढं तोडून बोलल्याचं बेबीताईंना वाईट वाटलं, पण बोललं ते खोटं नव्हतं, म्हणून त्यांनी ते परत घेतलं नाही.

"शनिवारी जाईन म्हणते केळापूरले," शेवटी त्याच म्हणाल्या. "पेरणीच्या आधी धुरा-बांध पाहून येते. यायचं असन तं या. पन आताच सांगून ठेवते, वावर माहं हाये."

"तुहं हाये म्हणून तं इचारलं होतं," किसनराव म्हणाले. "माहं असतं तं इचारलं कायले असतं?"

बेबीताईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. या माणसानं त्यांच्या गोष्टीसाठी त्यांना 'चालते का' असं विचारलं, ते एकतीस वर्षांत पहिल्यांदा, आणि ते त्यांना चोरी वाटलं होतं.