खदानीसाठी योगवर्ग

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी रॉक क्लाइंबिंग करायला लागले. आम्ही सात-आठजण रविवारी वर्ध्याहून एसटीने कारंज्याला जायचो. तिथे हायवेपासून थोडं आत दगडाची एक बंद पडलेली खदान होती. तिच्या उभ्या भिंतीवर आमचे क्लाइंबिंगचे सर वरून दोर सोडायचे आणि आम्ही एकेक करून चढायचो. हिवाळ्यातल्या गिर्यारोहणाच्या कोर्ससाठी सर दोन मुलींची नावं पाठवणार होते. अट एकच होती: भिंतीचा मधला फुगीर भाग दोराला न लोंबकळता पार करायचा. एका मुलीला तो जमत होता. मला जमत नव्हता.

तिथे उजवा पाय जवळजवळ कमरेइतक्या उंच खाचेत ठेवून त्यावर उभं राहावं लागायचं. माझा पाय अर्ध्यात अडायचा. मग मी हातांनीच वर ओढून घ्यायला बघायची, बोटं सुटायची आणि मी दोरावर लटकायची.

"खुबे आखडलेत तुझे," सर म्हणाले. "योगा कर. दीड महिना आहे हातात."

वर्ध्याला लागूनच्या सिंदी मेघेत आमच्या घरामागच्या देवळाच्या सभामंडपात सकाळी बायकांचा योगवर्ग भरायचा. शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या. नवीन येणारीने पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर आपलं काय दुखतं ते सांगायचं आणि त्याप्रमाणे तिला रांग मिळायची. एक गुडघ्यांची, एक कमरेची, एक गॅसची.

"तुले काय दुखते वं?" बाईंनी विचारलं.

तीसेक बायका माझ्याकडे बघत होत्या. क्लाइंबिंगचं सांगितलं असतं तर दहा प्रश्न आले असते, आणि नाही जमलं तर रोज कोणीतरी त्याची चौकशी केली असती.

"कंबर," मी म्हणाले.

कमरेच्या रांगेत पुढे वाकायला बंदी होती. आम्ही पोटावर झोपून भुजंगासन, शलभासन करायचो. मला जे हवं होतं ते पलीकडे गॅसच्या रांगेत चालायचं. गुडघे छातीशी दाबणं, टाचा टेकवून उकिडवं बसणं. घरी डायनिंग टेबल, शाळेत बाक, त्यामुळे मला नीट उकिडवं बसताच येत नव्हतं. साठीच्या बायका गप्पा मारत तशा बसायच्या. तीन आठवडे मी ते तिरक्या नजरेने बघत राहिले. खदानीत पाय तिथेच अडत होता.

एका सकाळी वर्ग सुटल्यावर मी खांबामागे उकिडवं बसून बघत होते. बाई चष्मा विसरल्या म्हणून परत आल्या.

"कंबर दुखते म्हणत होती नं तू? मंग हे काय करून राह्यली?"

"दुखत नाही," मी म्हणाले. "कधीच दुखली नाही."

"मंग सांगतलं काऊन?"

"इथे सगळ्याजणींना काहीतरी दुखत होतं."

बाई खांबाला टेकल्या. "अन् मी सगळ्यायले सांगून राह्यली, का पाहा, वीस दिवसांत पोरीची कंबर कशी सुधारली!"

मग मला खदानीचं सगळं सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गॅसच्या रांगेत बसवलं. शेजारी कापड दुकानवाल्या काकू होत्या.

"माय वं, एवढ्याशा पोरीले गॅस?"

"गॅस नाई तिले," बाई समोरून म्हणाल्या. "खदानीत दोर बांधून चढते ते."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"काऊन?" काकूंनी विचारलं. "पायऱ्या नाईत का तिथं?"

बायका बराच वेळ हसल्या. मीही हसले, पण कान तापले होते. त्यानंतर काकूंनी माझा ताबाच घेतला. माझ्या टाचा उचलल्या गेल्या की त्या हाताने खाली दाबायच्या. आणि मी प्रत्येक आसनात श्वास धरून ठेवते, हेही त्यांनीच हेरलं. "सोड नं वं तो श्वास. घरी न्यायचा आहे का?" तीन आठवड्यांनी माझ्या टाचा आपोआप टेकल्या.

शेवटच्या रविवारी फुगीर भागाखाली मी पाय उचलला. तो खाचेपर्यंत गेला, गुडघा छातीला लागला. एरवी मी इथे घाईने वर ओढायची. या वेळी तशीच दुमडून थांबले, श्वास सोडला आणि सगळं वजन त्या पायावर टाकलं. डाव्या हाताला वरची कड लागली तेव्हा दोर ढिला होता.

खाली आल्यावर सरांनी वहीत माझं नाव लिहिलं. "कुठे शिकलीस हे?"

बाकीची मुलं ऐकत होती. "देवळात," मी म्हणाले, "गॅसच्या रांगेत." मुलं हसली, आणि मी त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं सांगायला बसले. परतीची एसटी आली तरी माझं सांगून संपलं नव्हतं.