मास्तरांच्या शेजारची खुर्ची

गिऱ्हाइकांची मंजुरी गिऱ्हाइकांच्या नावाने मीच देत होतो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. आता सांगायला बसलो आहे, तर मास्तरांपासून सुरुवात करावी लागेल.

मास्तर म्हणजे माझ्या नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या स्टुडिओतले मिक्सिंगवाले. लग्नाच्या ढीगभर कॅसेटी कापून, जोडून, गाणी चढवून ते तीन तासांची फिल्म करायचे. मूळचे कळवणचे. गिऱ्हाईक फिल्म पाहायला आलं की आपल्या रुमालाने शेजारची खुर्ची पुसायचे आणि म्हणायचे, "बसा. तुम्ही तुमचं लग्न बघा, मी तुम्हाला बघतो."

आणि खरंच, ते पडद्याकडे ढुंकून बघायचे नाहीत. माणसाच्या तोंडाकडे बघत बसायचे. एकदा एक बाई मुलीच्या लग्नाची फिल्म बघताना एका ठिकाणी पापणी न लववता नुसत्या बसून राहिल्या. बोलल्या काही नाहीत. त्या गेल्यावर मास्तरांनी तेवढा तुकडा काढून टाकला. रुसून पंगतीतून उठलेला त्यांचा भाऊ त्यात होता. दुसऱ्या खेपेला बाईंनी फिल्म पाहिली, आणि जाताना मास्तरांना नमस्कार करून गेल्या.

सगळेच असे नसत. नवऱ्या मुलाचे एक मामा तीन तास पाहून म्हणाले, सगळं झ्याक आहे, फक्त मी कमी दिसतो. मास्तरांनी शांतपणे जुनी कॅसेट काढली आणि मामा जनरेटरवाल्याशी भांडतात ती दोन मिनिटं वाढवून दिली. मामा खूश.

पुढे कॅसेटी गेल्या, संगणक आला. गिऱ्हाइकं पुण्याला, दुबईला राहू लागली. मी एका ओळखीच्या माणसाकडून वेबसाइट करून घेतली. फिल्म तिथे चढवायची, गिऱ्हाइकाने घरबसल्या पाहायची, पटली तर 'मंजूर' असं बटण दाबायचं. मग आम्ही डीव्हीडी काढणार. मी सगळ्यांना कौतुकाने दाखवायचो. मास्तरांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "बटणाला तोंड असतं का, भाऊ?"

आपल्याकडे इंटरनेट तेव्हा कसं होतं ते तुम्हाला आठवत असेल. फिल्म दोन मिनिटं चालायची आणि मग नुसतं चक्र फिरायचं. अनेकांना ईमेलच नव्हता. मग मीच त्यांच्या नावाने ईमेल उघडायचो, पासवर्ड माझ्या डायरीत लिहायचो आणि माझ्याच टेबलावरून मंजूर दाबायचो. गिऱ्हाइकं फोनवर म्हणायची, तुम्ही पाहिलंय ना, मग झालं. मी पाहिलेलं नसायचं.

पिंपळगावच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न आम्ही शूट केलं होतं. त्यांना सगळे अण्णा म्हणत. फिल्मच्या सुरुवातीला गणपती, मग घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो, त्यांना हार, समई, वर 'स्वर्गीय' अशी अक्षरं. आणि त्यानंतर हयात वडीलधाऱ्यांचे फोटो, अशी पद्धत. अण्णांनी पाठवलेल्या पाकिटात एका तरुण बाईचा जुना फोटो होता, मागे काहीच लिहिलेलं नव्हतं. मास्तर तो घेऊन माझ्याकडे आले. ह्या बाई कुठे टाकायच्या, विचारून घ्या, म्हणाले. मी फोनवर होतो. म्हटलं, टाका अण्णांच्या वडिलांशेजारी, अण्णा बघतीलच की ऑनलाइन.

अण्णांनी पाहिलं नाही. त्यांच्याकडे ते चक्रच फिरत राहिलं. अधिक महिना होता, जावयाला जेवायला बोलावलं होतं, त्या दिवशी फिल्म हवी होती. मी मंजूर दाबलं.

डीव्हीडी घेऊन मी स्वतः गेलो. व्याही, विहीण, जावई, ताटात अनारसे. टीव्ही लागला. गणपती झाला, अण्णांचे वडील झाले, आणि शेजारी समईच्या उजेडात, हार घातलेली ती तरुण बाई आली. वाढणारीचा हात तिथल्या तिथे थांबला. पुढे खुर्चीत अण्णांची आई बसली होती, गुडघ्यांनी अधू झालेली. ती सुनेकडे वळून हळूच म्हणाली, "ही मीच हाय ना गं?"

अण्णांनी टीव्ही बंद करून मला विचारलं, हे कोणी केलं. आणि मी म्हणालो, आमच्या मिक्सिंगवाल्याने. किती सहज म्हणालो. त्या फोटोने मला धक्का बसला होता. पण आजही अंगावर काटा येतो तो माझ्या त्या सहजपणाने.

बोलवा त्याला, अण्णा म्हणाले. मी फोन केला आणि फक्त एवढंच सांगितलं, या, अण्णांनी बोलावलंय.

मास्तर एसटीने आले. जेवणाचं आमंत्रण आहे असं समजून इस्त्रीचा शर्ट घालून, हातात जावयासाठी पेढ्यांचा पुडा घेऊन. अण्णांनी तो पुडा घेतला नाही, टीव्ही लावला. मास्तरांनी पाहिलं. मग मला विचारलं, "यांनी बघितलं नव्हतं का, भाऊ?"

मी म्हणालो, "फोटो तुम्ही टाकलात, मास्तर."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. गिऱ्हाइकाकडे बघायचे तसे. त्यांना सगळं कळलं, हे मला कळलं. मग ते वाकले आणि म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं. "चुकलं आई माझं."

"ऊठ बाबा," ती म्हणाली. "जित्या माणसाला मेलेलं म्हटलं की आयुष्य वाढतं. आता मी लय जगते."

म्हातारीने सोडलं, अण्णांनी नाही सोडलं. जिवंत माणसाला हार घालणारा मिक्सिंगवाला, ही गोष्ट महिनाभरात नाशिकच्या सगळ्या स्टुडिओंत पोचली. मास्तरांनी माझ्याकडचं काम स्वतःच सोडलं, मला एका शब्दाने बोलले नाहीत. दुसरीकडे कोणी घेतलं नाही. ते कळवणला परत गेले. आता तिथे मुलाच्या दुकानात बसतात, असं ऐकतो. लग्नाला गेले तर कॅमेरा चालू असेपर्यंत मांडवाबाहेर थांबतात, असंही कोणीतरी सांगितलं.

पिंपळगावच्या त्या घरी, त्याच माणसांसमोर, मास्तरांना शेजारी उभं करून चूक माझी होती एवढं सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.