धूर गेला कुठं?

हसायचं असेल तर आधी चहाचा कप खाली ठेवा, नाकात जाईल. आता काय सांगू तुम्हाला! माणूस न शिकता मूर्ख राहिला तर समजू शकतो. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन मूर्ख होतो!

बासष्ट-त्रेसष्टची गोष्ट. मी यवतमाळच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर. ग्रंथालयात एका विलायती मासिकात वाचलं की मोटारीचा विषारी धूर तापलेल्या धातूच्या उत्प्रेरकावरून नेला, तर तो वाटेतच जळून निरुपद्रवी होतो. उत्प्रेरक म्हणजे काय? स्वतः न जळता दुसऱ्यांना पेटवून देणारा. आमच्या आळीत असे दोघे-तिघे होतेच.

झालं! मी ठरवलं, हे आपण करायचं. त्याला कारणही होतं. नागपूरचे एक प्राध्यापक दरवर्षी आमच्याकडे प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला यायचे. त्यांच्या प्रयोगशाळेत संशोधनासाठी एक जागा होती. मला म्हणाले होते, "मार्क नका दाखवू. हातानं केलेलं काहीतरी दाखवा. पुढच्या वर्षी आलो की बघतो." ती जागा मला हवी होती. आमच्या घरात मॅट्रिक झालेला पहिला माणूस मी. नागपूरच्या प्रयोगशाळेत आपलं टेबल असावं, या विचारानं मला जेवण गोड लागेना.

विलायतेत प्लॅटिनम वापरायचे. ते घ्यायचं तर मलाच विकावं लागलं असतं! मी तांब्यावर आलो. विटांचे बारीक तुकडे केले, तांब्याच्या क्षारात भिजवले, कुंभाराच्या भट्टीत भाजले आणि पत्र्याच्या डब्यात ठासून भरले.

मोटार गफूरभाईंची. लष्करी लिलावातली जुनी जीप, वर ताडपत्री. घाटंजीच्या बाजाराला माणसं नेता-आणताना ती इतका धूर सोडायची की मागच्या बैलगाडीतले बैल शिंकायचे. तिच्या धुराच्या नळीला डबा लावायला त्यांची हरकत नव्हती.

पहिला डबा लोहारा गावाच्या रस्त्यावर पडला. दुसऱ्याच्या सांध्यांचा डाक वितळला. तिसरा उडाला तो थेट एकाच्या तुरीत. चौथा, पाचवा, सहावा... सोडा हो! पण मी हटलो नाही. हरलो असतो तर आज सांगायला किस्सा तरी कुठून आणला असता?

सातव्या डब्याचे सांधे मी माती, शेण आणि कापूस कालवून लिंपले, माय चूल लिंपते तसे. मग परीक्षा. पांढरा रुमाल चिमट्यात धरून नळीच्या तोंडाशी मिनिटभर ठेवायचा. डब्याशिवाय रुमाल काळाकुट्ट. डबा लावल्यावर? पांढराशुभ्र! मी रस्त्यातच नाचलो. गफूरभाई मात्र स्टिअरिंगवर वाकून खोकत होते.

"सर, गाडीत धुवा लई हो गया."

"बिडी कमी करा, भाई!"

घरी येऊन मी तो रुमाल घडी करून भिंतीतल्या देवळीत ठेवला. माय म्हणाली, "तिथं कायले ठेवतं रे?"

आमच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून ती देवळी रिकामी होती. बाबा म्हणायचे, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याबिगर काही मानायचं नाही. जन्मभर कापसाच्या एका जिनातल्या बॉयलरवर फायरमन होते ते. त्यांनी रुमाल उलटासुलटा करून पाहिला.

"धूर बाहीर येत नाही म्हनतं. मंग गेला कुठं?"

"बाबा, त्याचं रूपांतर होते."

"तीस वर्सं झाले बायलरपुढं उभा हावो. धूर कोनाच्या पोटात राहत नाही, बापू. इकडून नाही निघाला त तिकडून निघते."

"हे बॉयलर नाही, बाबा. हे विज्ञान आहे."

बाबा हसले. "देव काढले या देवळीतून. आता रुमाल बसवला का?"

मला इतका राग आला की मी त्या दिवशी भाकर अर्धीच खाल्ली. घरातली चौथी पास माणसं मला पुरावा शिकवणार?

प्राध्यापक आले. मी त्यांना आणि आमच्या प्राचार्यांना जीपमध्ये मागच्या बाकावर बसवलं. रस्त्याची धूळ आत येऊ नये म्हणून ताडपत्रीच्या बाजू खाली सोडून दोऱ्यांनी घट्ट बांधल्या. बांधल्या कुणी? मीच! पाहुण्यांची सोय नको का बघायला? आणि मी स्वतः मागच्या लोखंडी पायरीवर लोंबकळलो, एका हातानं सळई, दुसऱ्या हातात चिमटा, चिमट्यात रुमाल.

जीप निघाली. रुमाल पांढरा! पहिलं वळण गेलं, रुमाल पांढरा! रस्त्यानं जाणारी माणसं थांबून पाहत होती. तेवढ्यात आतून धबाधब आवाज यायला लागला. मला वाटलं, टाळ्या!

"अजून आहे, सर! पुढं चढावर बघा!" मी ओरडलो.

आतून आणखी जोरात धबाधब. काय सांगू, ऊर भरून आला हो. आजवर माझ्यासाठी एवढ्या टाळ्या कुणी वाजवल्या होत्या?

मग गफूरभाईंनीच ब्रेक मारला. उडी टाकून धावले आणि ताडपत्रीच्या दोऱ्या सोडायला लागले. आतून आधी धूर बाहेर आला. मग प्राचार्य. मग आणखी धूर. मग प्राध्यापक, तोंड काजळलेलं, डोळ्यांतून पाण्याच्या धारा.

मी समजलो, सर भारावले! पुढे झालो आणि तो पांढराशुभ्र रुमाल त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी तो शांतपणे घेतला. कपाळ पुसलं, गाल पुसले, नाक शिंकरलं आणि रुमाल माझ्या हातात परत दिला.

काळाकुट्ट!

गफूरभाई गाडीखाली शिरले. "सर, आपला डब्बा त पुरा जाम हाय! इटाचा भुगा झाला. अन् तुमचा तो शेणामातीचा जोड फाटला, समदा धुवा गिअरच्या भोकातून अंदर. मी कवापासून सांगून राह्यलो!"

म्हणजे नळीतून काहीच येत नव्हतं. रुमाल पांढरा राहील नाही तर काय होईल? तिथं बैलाचं शेपूट धरलं असतं तरी स्वच्छ राहिलं असतं.

प्राध्यापक रस्त्याकडेच्या दगडावर बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "यातला खरा विषारी वायू तर रुमालावर दिसतही नाही. त्याला रंग नसतो. आणखी थोडं पुढे गेलो असतो, तर तुमचा रुमाल आमच्या तोंडावर घालावा लागला असता."

आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो. तेव्हा तर नागपूरचं टेबल मला धुरासारखं विरताना दिसत होतं.

"धूर गेला कुठं, हा प्रश्न तुम्हाला एकदाही पडला नाही?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. पण तोंडातून निघून गेलं, "मला नाही पडला, सर. बाबांना पडला होता."

"काय करतात ते?"

"जिनात बॉयलरवर फायरमन आहेत."

"आणि तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"हे विज्ञान आहे म्हणालो."

प्राध्यापक इतके हसले की त्यांना पुन्हा खोकला लागला. मग विचारलं, "डबे किती केलेत?"

"सात."

"आठवा करणार?"

"उद्यापासून, सर. सांधे लोखंडी करीन."

ते दगडावरून उठले. मग म्हणाले, "जागा आहे. पण माझी पहिली पसंती तुमच्या वडिलांना. त्यांना विचारून या."

मी घरी येऊन विचारलं. बाबांनी काळा रुमाल पाहिला, देवळीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मी कायले जाऊ नागपूरले? माही ड्युटी हाय. तूच जाय."

असा मी नागपूरला गेलो. पुढची कैक वर्षं तिथंच धातू भाजत होतो. पण पहिल्या दिवशी प्राध्यापकांनी सगळ्या प्रयोगशाळेला माझी जी ओळख करून दिली, ती शेवटपर्यंत पुसली गेली नाही.

"हे यवतमाळच्या फायरमनसाहेबांचे चिरंजीव. विचार साहेब करतात. हे रुमाल धरतात."