तिघांच्या वजनाचं चाक

दादा घर सोडून गेला तेव्हा मोटारसायकल घेऊन गेला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तो चालत गेला. बाबा त्याला म्हणाले होते, "गाडी माझ्या घामाची आसा. चावी ठेव, आनी मगे खंय जातंस तो जा." त्याची नोकरी टिकत नाही यावरून भांडण होतं, नेहमीचंच. माझ्या त्या थोरल्या भावाने चावी खिडकीत ठेवली, चपला घातल्या आणि माडांमधून रस्त्याला लागला. आई चुलीपाशी होती, मी ऑफिसला निघायच्या गडबडीत. जेवायच्या वेळेला येईल, असं आम्हा तिघांनाही वाटलं.

तीन वर्षं तो आला नाही. दोन सायलेन्सरची ती जड गाडी पडवीत उभी राहिली. आमचं घर मालवणच्या किनाऱ्याला इतकं लागून, की खारा वारा कोणाची परवानगी न घेता आत यायचा. बाबांनी उभी हयात बोटीच्या इंजिनरूममध्ये काढलेली, यंत्राची निगा त्यांना कोणी शिकवायला नको होती. दर रविवारी ते गाडीची टाकी पुसायचे, सीट पुसायचे, आरसा पुसायचे. चाकांपर्यंत मात्र त्यांना वाकवत नव्हतं आणि मला सांगायला ते तयार नव्हते. मीही आपण होऊन तेलाचं बोट लावलं नाही. मला त्या गाडीचा रागच यायचा. घरात ज्याच्याबद्दल बोलायचं नाही त्याची गाडी तेवढी दिमाखात उभी, आणि येताजाता माझी लुंगी, पॅण्ट, टॉवेल सगळं तिला अडकायचं. चाकांच्या तारा आधी तांबूस झाल्या, मग खडबडीत. एक दिवस आई झाडत असताना केरसुणी लागून त्यातली एक टक् करून तुटली. आईने ती उचलून बाबांच्या समोर ठेवली आणि केर काढायला लागली.

त्या वर्षी गणपतीला देवबागचा एक खलाशी घरी आला. तो मंगळूरला ट्रॉलरवर होता. म्हणाला, तिथल्या धक्क्यावर बर्फ फोडणारा एकजण थेट दादासारखा दिसला. "मी हाक मारलंय. तेना वळान बघल्यान, पन वळख नाय दिल्यान. मगे परत बर्फ फोडूक लागलो."

म्हणजे एक तर तो दादा नव्हता, किंवा दादा होता आणि त्याला आम्ही नको होतो. तिसरं काही निघत नव्हतं. मी रात्रभर तेच उलटसुलट करत राहिलो. बाबांनी मात्र सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं, गाडी घेऊन जायचं, मंगळूरपर्यंत.

"एस.टी.न जाऊया," मी म्हटलं.

"एस.टी. ष्टँडार थांबता. माका हरेक बंदरार थांबूचा आसा. आनी गाडी बघून तरी तो..." बाबांनी वाक्य तिथेच सोडलं.

मालवणातला गॅरेजवाला पडवीत येऊन उकिडवा बसला. दादाची गाडी त्याच्याच हाताखालून गेलेली. त्याने बोटाने रिम खरवडली, तिचे पापुद्रे सुटले. चाकं नवीन घालावी लागतील, म्हणाला, आणि दोन वाटा दाखवल्या.

"काकांनू, तारेचा चाक खड्ड्यात वाकता, पन मोडना नाय. तार तुटली तरी खयचोय सायकलवालो बसवून देतलो, चाकाचो आऊट काढून सरळ करून देतलो. पन हंयच्या वाऱ्यान परत ह्येच हाल."

"आनी ओतीव?"

"कोल्लापुराक एकजण अल्युमिनची ओतून देता. गंज नाय, तारा आवळूचा काम नाय. पन तडकला काय संपला. कारवाराच्या फुडे खंय तडकला, तर गाडी थंयच सोडून येवचा लागात."

बाबांनी गंजक्या चाकाकडे बोट केलं. मग म्हणाले, "जाताना दोघा. येताना तिघा आसतलंव. तिघांचो भार खयचा चाक सोसतला?"

गॅरेजवाल्याने माझ्याकडे बघितलं. तिघं बसलात तर पोलीस धरतील, हे त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. पण तो भला माणूस. "तसो इचार करूक व्हयो," म्हणाला आणि उठला.

त्यानंतर आमच्या घरात चाकांशिवाय विषय नव्हता. बाबा रस्त्यावरच्या कुणालाही थांबवून विचारायचे, तारेचं का ओतीव? पोस्टमनला विचारलं, वैभववाडीहून आलेल्या पाहुण्याला विचारलं, मासेवालीलाही सोडलं नाही. सकाळी तारेचं ठरायचं, कारण ते रस्त्यात दुरुस्त होतं. संध्याकाळी ओतीव ठरायचं, कारण ते समुद्राला दाद देत नाही. दिवाळी गेली, गावची जत्रा झाली, तरी घोंगडं भिजतच. "इतक्यात मंगळूरला चालत जाऊन परत आलो असतो," असं मी एकदा ओरडलो. बाबा शांतपणे म्हणाले, "मगे जा." मी गेलो नाही.

शेवटी आमच्याकडे लोक करतात तेच बाबांनी केलं. ग्रामदेवाला कौल लावायचा ठरवला. देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि कुठली आधी पडते ते बघतात. एका बैठकीला प्रश्न एकच, असा आमच्या गुरवाचा दंडक होता. आम्ही तिघं गेलो. आई आत आली नाही, बाहेर पायरीवर बसली.

गुरवाने पाकळ्या लावल्या आणि हळू आवाजात विचारलं, "झिलाचा इचारूचा मां?"

सगळा गाव तीन वर्षं दादाबद्दलच्या त्याच प्रश्नाची वाट बघत होता. तो आहे का, आणि असला तर येईल का, एवढंच विचारायचं होतं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बाबांनी हात जोडले.

"नाय," ते म्हणाले. "चाकांचा इचारूचा."

गुरवाने नेहमीच्या सुरात गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान लांबच्या प्रवासाचो इचार केल्यान हा. तारेचा चाक घालूचा तर उजवी दी, ओतीव घालूचा तर डावी दी. काय आसात ता सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले. मीही म्हणालो. मी तोंड उघडलं असतं तर प्रश्न बदलता आला असता. पण मलाही उत्तर नको होतं, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि स्वतःची लाज वाटली.

उजवी पाकळी पडली.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "काय आयला?"

"तारेचा," बाबा म्हणाले.

आई बाबांच्या तोंडाकडे बघत राहिली. काय विचारलं आणि काय विचारलं नाही, ते तिला समजलं. ती चिडेल असं मला वाटलं होतं.

"बरा केलास," ती म्हणाली आणि पदर सावरून उठली.

चाकं आठ दिवसांत तयार झाली. तारा अशा लखलखीत, की शेजारची माणसं बघायला आली. निघायच्या दिवशी आईने पिशवीत दादाचा धुतलेला सदरा घातला, धक्क्यावर काय कपडे असतील कोण जाणे म्हणून. मी गाडी चालवत होतो, बाबा मागे. त्यांनी पिशवी माझ्या आणि त्यांच्यामध्ये ठेवली होती. कुडाळ गेलं, सावंतवाडी गेली. गाडी अगदी सरळ, डुगडुग नाही की आवाज नाही. देवाचा कौल चाकांपुरता तरी खरा होता.

इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर आम्हाला थांबवलं. तिथून पुढे बांदा आणि मग गोवा, तो तेव्हा केंद्रशासित. खाकीतल्या माणसाने बाबांना विचारलं, "कुठे निघालात?"

साधा प्रश्न होता. तो माणूस तो दिवसातून शंभरदा विचारत असणार. त्याने पुन्हा विचारलं तेव्हा बाबा सरकारी माणसाशी बोलायच्या मराठीत म्हणाले, "कुठे नाही, साहेब. नवी चाकं घातली आहेत, ती चालवून बघतोय."

"मग, चालतात का?"

"चालतात."

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून वळायची खूण केली. हँडल माझ्या हातात होतं. मी गाडी तशीच पुढे नेली असती तर ते उतरून थोडेच गेले असते? मी गाडी वळवली.

घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली नव्हती. आईने पिशवीतून सदरा काढला, पुन्हा घडी घातली आणि पेटीत ठेवला.

पुढच्या गणपतीपर्यंत तारा परत तांबडल्या होत्या. देवबागचा खलाशी आला तेव्हा बाबा परसात निघून गेले, आणि मी त्याला चहा दिला, मंगळूरचं काही विचारलं नाही. तो गेल्यावर बाबा पडवीत आले. चाकाजवळ महत्प्रयासाने वाकले आणि तारेवरून बोट फिरवून बघितलं.

"अवंदा ओतीव घालूया," ते म्हणाले. "तेका गंज चढना नाय."

"व्हय," मी म्हटलं.