कुपवाडचा टर्नर आणि एम.एस्सी. मी

विज्ञान मंडळ चालवायचं म्हणजे वर्षभर नुसती भटकंती. आज पलूस, उद्या फलटण, परवा सांगलीतलीच कुठली तरी गल्ली. दहा-बारा वर्षं असं फिरलं की किस्से साठतात. गाडीची डिक्की कितीही झाडली तरी तळाशी एखादा स्क्रू, एखादी वायर सापडतेच ना, तसं. आमच्या मंडळात चहाचे कप आले की कुणीतरी सुरू करतंच, "अरे, त्या दिवशी काय झालं..."

माझी तक्रार एवढीच, की या सगळ्या किश्श्यांचा हिरो एकच माणूस आहे. आणि तो मी नाही!

मी फिजिक्सचा एम.एस्सी., सत्तावीस वर्षं कॉलेजात शिकवलेला. मंडळ काढलं मी. आणि हिरो कोण? तर लक्ष्मण कांबळे, कुपवाडच्या एमआयडीसीतला टर्नर. दहावी पास. टेलिस्कोपच्या स्टँडचा बोल्ट तुटला म्हणून मीच त्याच्या वर्कशॉपात गेलो होतो. त्यानं लेथवर तासाभरात बोल्ट करून दिला आणि म्हणाला, "सर, ह्यातनं काय दिसतं ते मला बी दावा की."

मी दाखवलं. तिथंच माझं चुकलं!

*

लक्ष्मण सोबत आला तो पहिला कार्यक्रम पलूसजवळच्या एका गावात, समाजमंदिरात. विषय 'हवेचा दाब'. माझ्या बेचाळीस स्लाइड्स होत्या. एकविसाव्या स्लाइडला लाइट गेली. तोवर पुढच्या रांगेतले दोघं झोपलेही होते.

मी लाइटची वाट बघत उभा. लक्ष्मण मात्र शेजारच्या अंगणवाडीतून गॅसची शेगडी आणि तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन आला. डब्यात कपभर पाणी घालून उकळलं, वाफ निघायला लागल्यावर खाली उतरवून झाकण गच्च लावलं आणि वरून गार पाण्याची कळशी ओतली. कड् कड् आवाज करत डबा चेपला! झोपलेले दोघं उठून बसले.

"आजी," लक्ष्मणनं समोरच्या म्हातारीला विचारलं, "ह्यो डबा कुणी दाबला? मी तर हात न्हाई लावला."

आजीनं इकडंतिकडं बघितलं. "कुणी दाबला ते काय दिसलं न्हाई बाबा. पण ज्यानं दाबला त्यो हितंच हाय. आपल्या अंगाला खेटून उभा हाय!"

एकवीस स्लाइड्समध्ये मला जे सांगता आलं नाही, ते त्या आजीनं एका वाक्यात सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेपरात डबा, आजी आणि लक्ष्मण यांचा फोटो. फोटोत माझं कोपर आलं होतं. कोपराचं नाव छापलेलं नव्हतं.

*

कृष्णेचा पूर ओसरला होता तेव्हाची गोष्ट. नदीकाठच्या एका वस्तीत पोरं जुलाबानं आजारी पडत होती आणि बायका पाण्यात क्लोरीनचे थेंब घालायला तयार नव्हत्या. "वास येतो. आणि पाणी कसं काचंवानी दिसतंय की!"

मी जिवाणूंची चित्रं दाखवली. लांबड्या जिवाणूंचं चित्र बघून एक बाई म्हणाली, "ही शेवयांची रेसिपी हाय काय?"

मग लक्ष्मण उठला. "ताई, पातेलंभर दुधाला विरजण किती लावता?"

"चमचाभर."

"आन् सकाळी काय हुतं?"

"दही."

"चमचाभर विरजणात काय असतं ते डोळ्यांनी दिसतं का? न्हाई. पण रातीत सगळं दूध पालटून टाकतं. पुराच्या पाण्यात पण असंच विरजण पडलंय. फक्त ते लागतंय पोरांच्या पोटात."

मघाची शेवयांवाली बाई सगळ्यात आधी उठली आणि क्लोरीनची बाटली घेऊन गेली.

ते उदाहरण मी घरी येऊन डायरीत लिहून ठेवलं. पुढच्या महिन्यात एका महिला मंडळात ते दिलं. माझं म्हणूनच दिलं, खोटं कशाला बोलू! टाळ्या पडल्या. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आमच्या सौभाग्यवती शेजारणीला सांगताना ऐकू आल्या. जरा मोठ्यानंच.

"हे लक्ष्मणभाऊंचं. ह्यांना असलं सुचत नाही."

*

मग मी ठरवलं, भाषाच बदलायची. लोकांना त्याचं बोलणं आवडतं ना? मग मीही तसंच बोलणार. कडेगावकडच्या एका शाळेत पालकांसमोर मी सुरुवातच केली, "तर गड्यांनो, आपली पृथ्वी लय येगानं फिरत्या बगा!"

पालकांनी एकमेकांकडं बघितलं. पाचेक मिनिटं त्यांनी सोसलं. मग एक फेटेवाले आजोबा हात जोडून उठले.

"आवं सर, तुमी शुद्धच बोला. आमास्नी कळतंय."

*

आता ग्रहणाचा किस्सा. सूर्यग्रहण दुपारचं होतं आणि आम्ही फलटण तालुक्यातल्या एका गावात होतो. खास चष्मे मी पुण्याहून मागवलेले, शाळेच्या मैदानावर टेबल मांडलेलं. पण गाव सगळं दारं लावून आत! मैदानावर आम्ही दोघं, हेडमास्तर आणि एक कुत्रं.

तहान लागली म्हणून लक्ष्मणनं जवळच्या घराचं दार वाजवलं. मी मागं उभा. एका मावशींनी दार फटीएवढं उघडलं.

"गिराण हाय. पाणी मिळायचं न्हाई."

आतून बारीक आवाज आला, "आत्याबाई, मला तरी घोटभर द्या वो."

मावशींची सून सहा महिन्यांची गरोदर होती. हलायचं नाही, खायचं नाही, प्यायचं नाही म्हणून सकाळपासून आत चटईवर पडून होती. वर पत्रा तापलेला. मला भयंकर राग आला. मी 'अंधश्रद्धा' या विषयावर तोंड उघडणार, एवढ्यात लक्ष्मणनं माझा दंड दाबला.

"मावशी," तो शांतपणे म्हणाला, "मी उंबरा वलांडत न्हाई. पण तुमच्या पत्र्याला खिळ्यांची भोकं हायत न्हवं? त्यातनं ऊन पडत असंल. रोज गोल कवडसा पडतो. आज कसा पडलाय तेवढं बघा."

मावशींनी वळून बघितलं. आम्हीही दारातूनच बघितलं. सारवलेल्या जमिनीवर गोल कवडसे नव्हतेच. सात-आठ बारीक बारीक कोरी पडल्या होत्या, विळ्यासारख्या. आणि त्यातली एक कोर नेमकी सुनेच्या पोटावर!

मावशींचा हात तोंडावर गेला. मला तर वाटलं, आता ही बाई आम्हाला झाडूनं हाणणार.

सुनेनं मात्र मान उचलून पोटावरची ती कोर बघितली. तिच्यावर बोट ठेवलं. कोर बोटावर चढली.

"आत्याबाई, ते तर कवाच आत आलंय! आता तरी पाणी द्या!"

मावशी माठाकडं गेल्या. तांब्या भरून सुनेला दिला, दुसरा आम्हाला. अर्ध्या तासात निम्मं गाव त्या खोलीत दाटीवाटीनं जमिनीवरचं ग्रहण बघत होतं. कुणी चाळण आणली, कुणी झारा.

माझे चाळीस चष्मे खोक्यातच राहिले. परतताना गाडीत लक्ष्मण म्हणाला, "मजा आली न्हाई सर?" मी खिडकी उघडली आणि बाहेर बघत बसलो.

*

आणि हा शेवटचा. हा मी मंडळात कधीच सांगितलेला नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या पेठेत, जेवणाच्या सुट्टीत आम्ही 'विचारा प्रश्न' ठेवलं होतं. हमाल आणि हळद निवडणाऱ्या बायका चिठ्ठ्या टाकणार, लक्ष्मण उत्तरं देणार. त्यात एक चिठ्ठी मी टाकली. डाव्या हातानं लिहून! 'हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल का होतो?' हे त्याला येणार नाही, याची मला खात्री होती. माझं उत्तर दोन दिवस पाठ करून तयार होतं.

लक्ष्मणनं चिठ्ठी दोनदा वाचली.

"व्हतंय खरं," तो माइकवर म्हणाला. "आमच्या घरात पण व्हतं. पण का व्हतं, ते मला माहीत न्हाई."

आणि मग टाळ्या! एक म्हातारे हमाल पोत्यावरून उठून म्हणाले, "माइकवरनं 'माहीत न्हाई' म्हणणारा माणूस जल्मात पयल्यांदा बघितला गड्या!"

"पण आपले सर हायत की," लक्ष्मण म्हणाला आणि त्यानं दोन्ही हातांनी माइक माझ्याकडं दिला. स्वतः खाली जाऊन हमालांच्यात बसला. वही उघडली.

मी सांगितलं. आम्ल, अल्कली, हळदीतला रंग, सगळं. आणि खरंच सांगतो, झकास जमलं! माना डोलत होत्या. लक्ष्मण भराभर लिहून घेत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाटलं, आजचा दिवस आपला!

तेवढ्यात हळद निवडणाऱ्या एका बाईनं हात वर केला. कोपरापर्यंत पिवळा हात.

"सर, आन् त्योच डाग धुऊन उनात वाळत घातला की जातो. त्यो कुठं जातो?"

मला माहीत नव्हतं.

लक्ष्मणनं पेन वर धरून माझ्याकडं बघितलं. सगळी पेठ माझ्याकडं बघत होती. माइक माझ्या हातात होता.

मी अकरा मिनिटं बोललो.